‘यंदा तरी?’ या प्रश्नाचा हिशोब

सोमवारी सकाळी चहा गॅसवर असतानाच भाच्याचा मेसेज आला. "मामा, समर सीरीज आपण मारली! यंदा तरी?"

‘आपण’ म्हणजे मँचेस्टर युनायटेड, इंग्लंडचा फुटबॉल क्लब. भाचा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेला, अकरावीत शिकतो, मँचेस्टर त्यानं फक्त टीव्हीवर पाहिलंय. पण हा ‘आपण’ त्यानं कुठून उचलला ते मला पक्कं ठाऊक आहे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस आपल्या तालमीच्या संघाला ‘ते’ म्हणत नाही. पाटाकडीलवाला असो की खंडोबावाला, "आपण गोल खाल्ला" असंच म्हणतो, जणू बॉल त्याच्याच पायाखालून गेला. तीच सवय साता समुद्रापार गेली.

ही गोष्ट ऑगस्ट २०२५च्या पहिल्या आठवड्यातली. १५ तारखेला इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा नवा मोसम सुरू होणार होता. गेल्या मोसमात युनायटेडनं ३८ सामन्यांत ४२ गुण मिळवले आणि वीस संघांत पंधरावा नंबर काढला. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून हा संघ इतका खाली कधी गेला नव्हता. तरी अमेरिकेत तीन सराव सामने झाले, एक छोटा चषक हातात आला, आणि पोरगं पुन्हा उभं राहिलं. त्याच दिवशी चहाच्या गाड्यावर मित्र म्हणाला, "ह्यांचं काय खरं न्हाई गा. यंदा खालच्या लीगला जातंय बघ."

एक आशावादी, दुसरा शहाणा, असं आपण समजतो. मला दोघांची चूक एकच वाटते. दोघंही एकेक आकडा मुठीत घट्ट धरून बसलेत. मोसमाआधी आशा किती धरावी आणि शंका कुठं घ्यावी याचा एक हिशोब असतो. तो फार अवघड नाही.

पावसाच्या अंदाजापासून सुरुवात करू

हवामान खातं दरवर्षी एप्रिलमध्ये पावसाळ्याचा पहिला अंदाज देतं. यंदाचा होता सरासरीच्या १०५ टक्के. बातमी इथं थांबते, पण खातं थांबत नाही. ते पुढं म्हणतं, अधिक-उणे ५ टक्के. मे अखेरीस अंदाज सुधारला: १०६ टक्के, अधिक-उणे ४. पावसाळा जवळ आला, माहिती वाढली, तशी चुकीची जागा थोडी आवळली. अंदाज खरा तर त्या अधिक-उण्यात असतो.

शिवाय हा आकडा अख्ख्या देशाचा. माझ्या काकांच्या पन्हाळ्याकडच्या शिवारात किती पडणार हे तो सांगत नाही, आणि काकाही त्याला ते विचारत नाहीत. ते अंदाज ऐकतात, मान डोलावतात आणि पेरायच्या आधी ढेकूळ उचलून ओल किती खोल गेलीय ते बघतात.

फुटबॉलचाही अंदाज असाच असतो. दर ऑगस्टला ‘सुपरकॉम्प्युटर म्हणतो, अमुक संघ चॅम्पियन’ अशा बातम्या येतात. नाव मोठं, काम साधं. प्रत्येक संघाची ताकद आकड्यात मांडायची, मोसमातले ३८० सामने संगणकावर खोटेखोटे खेळवायचे, आणि असा अख्खा मोसम हजारो वेळा फिरवायचा. दहा हजारांपैकी सहा हजार वेळा एखादा संघ पहिला आला, तर त्याची शक्यता ६० टक्के. उरलेल्या चार हजार वेळा तो पहिला आला नाही, हे बातमीत कुठंतरी खाली असतं किंवा नसतंच.

गोल थोडे, म्हणून नशीब मोठं

कबड्डीच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साठ-सत्तर गुण होतात. एखादी चढाई फसली तरी चांगला संघ भरून काढतो. फुटबॉलमध्ये सगळे मिळून सरासरी तीनच्या आसपास गोल. बॉल खांबाला लागून बाहेर गेला, पेनल्टी मिळाली नाही, पावसात गोलीचा हात घसरला, की निकाल फिरला. भरून काढायला पुढं काही उरतच नाही.

किती फिरतो? समजा एक चांगला संघ आहे. सामन्याला सरासरी १.७ गोल करतो आणि १ खातो. शक्यतेच्या साध्या गणितानं तो शंभरातले सुमारे ५४ सामने जिंकेल, २४ बरोबरीत सोडवेल आणि २२ हरेल. म्हणजे स्पष्टपणे चांगला असूनही जवळजवळ निम्म्या वेळा तो जिंकत नाही.

भाच्याला हे पटेना. मग जुन्या वहीची पानं कापून आम्ही शंभर चिठ्ठ्या केल्या. ५४वर ‘जिंकलो’, २४वर ‘बरोबरी’, २२वर ‘हरलो’. सगळ्या आईच्या लाडवांच्या डब्यात. एक काढायची, वहीत लिहायची, परत टाकायची, डबा हलवायचा. ३८ वेळा केलं की एक मोसम.

पहिल्या मोसमात ७७ गुण झाले. गेल्या वर्षीच्या तक्त्यात ७७ गुणांना दुसरा नंबर मिळाला असता. पोरगं खूश. दुसऱ्या मोसमात मधेच ओळीनं चार ‘हरलो’ निघाले आणि गाडी ६३वर थांबली. म्हणजे आठवा नंबर. भाचा डब्याकडं बघत म्हणाला, "मॅनेजर बदलायला पायजे."

डब्यात चिठ्ठ्या त्याच होत्या. एकही बदललेली नव्हती. गणित सांगतं की असा डबा सरासरी ७१ गुण देतो, पण तीनपैकी एका मोसमात तो ६३च्या खाली किंवा ७९च्या वर जातो. दुसरा आणि आठवा नंबर, दोन्ही एकाच डब्यातून निघतात. एका वेळी आपण मॅनेजरचा फोटो भिंतीवर लावतो, दुसऱ्या वेळी त्याला विमानात बसवतो.

खऱ्या लीगमध्ये इतकं सरळ नसतं हे कबूल. समोरचा संघ बदलतो, माणसं जखमी होतात, घरच्या मैदानाचा फायदा असतो. तरी मला वाटतं, दर ऑगस्टला प्रत्येक घरात हा डबा एकदा हलवावा.

तक्ता खरं बोलतो, पण सगळं सांगत नाही

युनायटेडचे मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन २०१३ साली लीग जिंकून निवृत्त झाले. त्यानंतरचे युनायटेडचे नंबर ओळीनं वाचा: ७, ४, ५, ६, २, ६, ३, २, ६, ३, ८, १५. जेव्हा जेव्हा दुसरा नंबर आला, पुढच्या वर्षी सहावा. तिसऱ्या नंबरनंतर एकदा दुसरा, एकदा आठवा. म्हणजे आशा धरायला सगळ्यात चांगलं कारण मिळालं, की बहुतेक वेळा पुढच्याच वर्षी तोंडावर आपटलो.

यामागं एक नियम आहे. त्याला म्हणतात सरासरीकडे परतणं. अतिशय चांगल्या किंवा अतिशय वाईट निकालात थोडा हात नशिबाचा असतो, आणि नशीब पुढच्या वर्षी सोबत येईलच असं नाही. भाच्याला सहामाहीत गणितात ९५ पडले, कारण पाठ केलेलीच उदाहरणं आली. वार्षिकला ८२. तो काही बिघडला नव्हता. ८०-८५चाच विद्यार्थी होता, सहामाहीला पेपर पावला एवढंच.

२०१७-१८चा युनायटेड आठवून बघा. ८१ गुण, दुसरा नंबर, फक्त २८ गोल खाल्ले. पण ते २८ कशामुळं होते? डिसेंबरमध्ये आर्सेनलच्या मैदानावर एकट्या गोली डाविद दे हेआनं १४ बॉल अडवले आणि आपण ३-१ जिंकलो. त्या रात्री मी खुर्चीवर उभा होतो, खोटं कशाला बोलू. पण ज्या संघाच्या गोलीला एका सामन्यात १४ बॉल अडवावे लागतात, त्याच्या बचावफळीला भोक आहे हे तेव्हाच कळायला हवं होतं. पुढच्या मोसमात ५४ गोल खाल्ले.

म्हणून नंबरापेक्षा गोलफरकाकडं बघावं. केलेले गोल वजा खाल्लेले गोल. २०२२-२३मध्ये मॅनेजर एरिक टेन हाग यांच्या युनायटेडनं ७५ गुण आणि तिसरा नंबर मिळवला. उन्हाळाभर आम्ही हवेत. पण गोलफरक होता फक्त १५. चौथ्या न्यूकॅसलचा ३५, पाचव्या लिव्हरपूलचा २८, सहाव्या ब्रायटनचासुद्धा १९. आपण बरेच सामने एकेका गोलानं काढले होते. पुढच्या मोसमात गोलफरक उणे १ झाला आणि नंबर आठवा. तक्त्यानं फसवलं, गोलफरकानं आधीच खूण केली होती.

इथं भाच्यानं हरकत घेतली, आणि ती रास्त होती. "त्या वर्षी लिव्हरपूलनं ७-० मारलं, सिटीनं ६-३, ब्रेंटफर्डनं ४-०. त्या तीन मॅच काढल्या तर?" काढल्या तर गोलफरक १५वरून २९ होतो, खरं आहे. पण तिसऱ्या नंबरच्या संघाला एका मोसमात तीनदा असा मार बसतो, ही माहितीच आहे ना? ती खोडून कशी चालेल? घराचं छत वर्षातून तीनच दिवस गळतं म्हणून ते चांगलं ठरत नाही.

अजून एक मोजमाप हल्ली टीव्हीवर दिसतं: एक्सजी, म्हणजे एक्सपेक्टेड गोल्स. तशा जागेवरून, तशा कोनातून मारलेल्या बॉलचा साधारण किती वेळा गोल होतो, त्यावरून प्रत्येक फटक्याला शून्य ते एकच्या मधला आकडा देतात. पेनल्टीला सुमारे पाऊण. मोसमभराच्या फटक्यांची बेरीज केली की किती गोल ‘व्हायला हवे होते’ ते कळतं. गोलफरकाच्याही एक पायरी खाली उतरून बघण्याची ही सोय.

सराव सामन्यांचं काय?

उत्तर लवकर देतो: फार काही नाही.

२०१४च्या उन्हाळ्यात नवे मॅनेजर लुई व्हॅन गाल यांचा युनायटेड अमेरिकेत गेला. लॉस एंजेलिस गॅलक्सीला ७-०. मिशिगनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांसमोर रिअल माद्रिदला ३-१. अंतिम सामन्यात लिव्हरपूलला ३-१. लीगच्या पहिल्याच दिवशी घरच्या मैदानावर स्वान्सीकडून १-२ हार, आणि दहा दिवसांनी लीग कपमध्ये तिसऱ्या श्रेणीतल्या मिल्टन कीन्स डॉन्सकडून ०-४. २०२२च्या जुलैत बँकॉकला लिव्हरपूलला ४-० हरवलं. त्याच मोसमात, पुढच्या मार्चमध्ये, त्याच लिव्हरपूलनं ते ७-० केलं.

सराव सामना म्हणजे आंब्याच्या पेटीचा वरचा थर. मॅनेजर पोरांना पळवतो, फिटनेस बघतो, अर्ध्या वेळात सात-आठ माणसं बदलतो. समोरचाही तेच करत असतो. खाली काय आहे ते पेटी घरी नेऊन गवत बाजूला केल्यावर कळतं. तेव्हा समर सीरीजचा चषक कपाटात ठेवावा, हिशोबात धरू नये.

पहिल्या पावसावर पेरणी

यंदा मे संपायच्या आतच मोसमी पाऊस महाराष्ट्रात शिरला. २६ मेला मुंबईत होता, गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. लोक खूश. आणि मग जूनच्या सुरुवातीला तो थबकला. कृषी खातं तेव्हाही तेच सांगत होतं जे दरवर्षी सांगतं: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत ओल उतरल्याशिवाय पेरू नका. घाई केलेल्याचं बी वाया जातं आणि दुबार पेरणीचा खर्च बोकांडी बसतो.

फुटबॉलचा ऑगस्ट हा असा पहिला पाऊस. २०२१च्या सलामीला युनायटेडनं लीड्सला ५-१ झोडपलं. रोनाल्डो परत आला, सप्टेंबरमध्ये न्यूकॅसलविरुद्ध दोन गोल मारले. आमच्या गल्लीत त्या रात्री फटाके वाजले, गणपतीचे दिवस होते म्हणून कुणी विचारलं नाही. नोव्हेंबरात मॅनेजरला नारळ मिळाला आणि मोसम ५८ गुणांवर संपला, गोलफरक शून्य.

पुढच्याच वर्षी उलटं. पहिल्या सामन्यात ब्रायटनकडून हार, दुसऱ्यात ब्रेंटफर्डकडून ०-४, संघ तक्त्याच्या तळाशी. माझ्या चहावाल्या मित्रानं तेव्हाच अंत्यविधी उरकला होता. तोच मोसम तिसऱ्या नंबरवर संपला. दुबार पेरणी शंकेलाही करावी लागते, तिच्या बातम्या होत नाहीत एवढंच.

मग ओल कधी बघायची? दोन सामन्यांत नशिबाचा आवाज इतका मोठा असतो की संघाची ताकद ऐकूच येत नाही. दहाएक सामने झाले की दोन्ही साधारण सारखे ऐकू येतात. तोवर जुनं मत पूर्ण टाकायचं नाही आणि नवं पूर्ण घ्यायचं नाही. पातेलंभर आमटीत डावभर पाणी पडलं तर चव थोडी बदलते, आमटीचं पाणी होत नाही. ऑक्टोबर संपेपर्यंत डाव डावानं घालत राहायचं.

"मग लिस्टरचं काय?"

हा प्रश्न येतोच. २०१५-१६च्या मोसमाआधी लिस्टर सिटीच्या विजेतेपदाला सट्टेवाले ५००० ला १ असा भाव देत होते. लिस्टर ८१ गुणांसह चॅम्पियन झालं. हिशोब गेला खड्ड्यात, असं म्हणतात.

दोन गोष्टी. ५००० ला १ हा भाव अक्षरशः घेतला, तर असं पाच हजार वर्षांत एकदा घडतं. इंग्लंडची लीगच १८८८ची. इतक्या लांबच्या भावामागं कुणी नीट बसून हिशोब केलेला नसतो. आणि आदल्या मोसमात शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून लिस्टर तळातून वर आलं होतं, ही ओल जमिनीत होती. त्यावरून ते चॅम्पियन होतील असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही, पण शक्यता शून्य धरायला नको होती हे खरं.

दुसरी गोष्ट लिस्टरची पोरं विसरत नाहीत, आपण विसरतो. पुढच्या मोसमात ते बारावे आले आणि मोसम संपायच्या आधीच मॅनेजर क्लाउदिओ रानिएरींना काढून टाकलं. आदल्या वर्षीचा चॅम्पियन चेल्सी तर लिस्टरच्याच मोसमात दहावा होता. लिस्टर हिशोबाच्या बाहेर नव्हतं. त्याच्या अगदी कडेला होतं, आणि कड ही जागा रिकामी नसते.

"इतका हिशोब करायचा तर मॅच कशाला बघायची?"

हे बायको विचारते. तिला मी सांगतो, काका ओल बघतात म्हणून त्यांचा आभाळाकडं बघण्यातला आनंद कमी झालेला नाही. हिशोबामुळं एवढंच होतं की एका हरण्यावर जेवण टाकावंसं वाटत नाही. (वाटतं. पण टाकत नाही.)

"आधीच वाईट धरून चाललं की त्रास कमी," असंही काहीजण म्हणतात. मला हा सौदा पटत नाही. सतत वाईटच होणार म्हणणाराही एकच आकडा धरून बसलेला असतो. त्याचा आकडा खाली असतो म्हणून तो अनुभवी दिसतो. २०२२च्या ऑगस्टमध्ये तो साफ चुकला आणि मेमध्ये कुणी त्याला जाब विचारला नाही.

बरं, मग यंदा?

आमच्या घरी कॅलेंडरच्या मागं दुधाचा हिशोब असतो. ऑगस्टच्या पानामागं मी तीन आकडे लिहितो: सगळं फसलं तर, साधारण चाललं तर, सगळं जमलं तर. मधला आकडा डोक्याचा, वरचा मनाचा, खालचा चहावाल्या मित्राचा. गेल्या वर्षी लिहिलं होतं ५२, ६३, ७४. आले ४२. खालच्या कडेच्याही दहा खाली. नुसत्या वाईट नशिबानं एवढं खाली क्वचितच जातं. म्हणजे डब्यातल्या चिठ्ठ्याच मी चुकीच्या धरल्या होत्या. माझा कागद दोन महिने कॅलेंडरच्या मागं तसाच लटकत होता, बायकोनं मुद्दाम काढला नाही.

यंदाचा हिशोब भाच्यासमोर मांडला. बाजूनं काय? पंधराव्या नंबरवरून सरासरीकडे परतायचं म्हणजे वरच जायचं. गेल्या मोसमात ४४च गोल झाले, संधींच्या हिशोबानं त्याहून जास्त व्हायला हवे होते. बिल्बाओला युरोपा लीगची, म्हणजे युरोपभरातल्या क्लबांच्या स्पर्धेची, फायनल टॉटनहॅमकडून हरलो, त्यामुळं यंदा युरोपात खेळायचं नाही, म्हणजे आठवड्याच्या मधले प्रवास नाहीत. जखमेवरचं मीठ कधी कधी कामाला येतं ते असं. मॅनेजर रुबेन अमोरिम यांना उन्हाळाभर सराव घ्यायला मिळाला, गेल्या वर्षी ते नोव्हेंबरमध्ये चालत्या गाडीत चढले होते.

विरुद्ध काय? गोलफरक उणे १० होता, तो नुसत्या दुर्दैवानं होत नाही. ब्रायन एम्ब्यूमोनं गेल्या मोसमात ब्रेंटफर्डसाठी लीगमध्ये २० गोल केले, माथेउस कुन्यानं वुल्व्ह्जसाठी १५. दोघंही घेतलेत, दोघंही चांगले. पण दोघांनीही एक्सजीच्या हिशोबापेक्षा बरेच जास्त गोल मारले होते. सरासरीकडे परतणं फक्त शत्रूच्या खेळाडूंना लागू होत नाही. आणि पहिलाच सामना १७ तारखेला आर्सेनलशी.

"म्हणजे आकडे सांग," भाचा पेन घेऊन उभा.

"खाली ४६, मधे ५७, वर ६८."

त्यानं ४६ बारीक लिहिलं, ५७ नीट लिहिलं, आणि ६८ लिहून त्याभोवती दोनदा गोल केला. शेजारी दुधाचा खाडा लिहिलेला होता, त्यावर शाई थोडी पसरली.